संख्या आणि नाव : एका मराठा पलटणीतील दोन पिढ्यांचा शोध

१/
सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतील कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते. तिच्यावरील मजकूर बहुधा ठरलेला असतो : या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. मजकूर एवढ्यावरच संपतो. पाटीवर दोन आकडे आहेत, नाव एकाचेही नाही. आपला खापरपणजोबा त्या दुसऱ्या आकड्यात मोजला गेला आहे, एवढेच अनेक घराण्यांना ठाऊक असते. तो कोण होता, कोणत्या पलटणीत होता, कोठे व कसा मेला, हे शोधता येते का? बऱ्याच अंशी येते. त्यासाठी ही नावे पाटीवर का आली नाहीत, हे आधी समजून घ्यावे लागते.

२/
या धाग्यात एकाच पलटणीच्या आधारे दोन पिढ्यांचा मागोवा घेतला आहे. पहिली पिढी १९१६ साली इराकमधील कुत-अल-अमारा येथे शत्रूच्या हाती लागली. दुसऱ्या पिढीतील बावीस वर्षांचा एक नाईक १९४४ साली इटलीत पडला. पहिल्या पिढीची स्मारकावर संख्या झाली. दुसऱ्या पिढीतील त्या तरुणाचे नाव मात्र आजही इटलीतील एका गावात कोरलेले आहे. शिपाई त्याच मातीतले होते आणि पलटणही तीच होती. फरक पडला तो नोंदीत.

३/
प्रथम पलटणीची ओळख. १७९७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ती उभी राहिली. लॉर्ड किचनर यांच्या १९०३ च्या पुनर्रचनेत तिला ‘११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ हे नाव मिळाले. १९२२ साली सहा मराठा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट घडवण्यात आली, तेव्हा ११० वी पलटण तिची तिसरी बटालियन झाली. कागदोपत्री ती ‘३/५ मराठा’ अशी येते. स्वातंत्र्यानंतर हीच बटालियन पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाइल येथे विमानांतून उतरलेली ‘२ पॅरा’ ती हीच.

४/
शोध घेणाऱ्याची पहिली ठेच येथेच लागते. आजोबा ‘एकशे दहावी’ म्हणत, चुलते ‘तिसरी मराठा’ म्हणतात आणि आजच्या सैन्यात त्या नावाची पलटण दिसत नाही, म्हणून आठवण खोटी ठरत नाही. ती एकाच पलटणीची निरनिराळ्या काळातील नावे असतात. १०३ वी पलटण पुढे पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन. लोकांच्या तोंडी असलेली टोपणनावेही याच कामी येतात. ‘जंगी पलटण’ म्हणजे १०३ वी, ‘काली पांचवी’ म्हणजे १०५ वी. घरात असा एखादा शब्द टिकून राहिला असेल तर निम्मा शोध तेथेच संपतो.

५/
आता १९१४ कडे वळू. त्या वर्षी तुर्कस्तान युद्धात उतरले आणि इराणच्या आखातातील तेलाच्या रक्षणासाठी हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन बसऱ्याकडे निघाली. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी तिची पहिली तुकडी शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, तसेच दख्खनी मुसलमानही होते. ‘मराठा पलटण’ म्हणजे केवळ एका जातीची पलटण, असा समज धरून शोधाला बसले तर काही घराणी सुरुवातीलाच वगळली जातात.

६/
सुरुवातीला या मोहिमेला यश येत गेले. बसरा पडले, एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्की हल्ला परतवला गेला, सप्टेंबरात कुत हाती आले. मग जनरल टाउनशेंड यांना बगदादकडे पाठवण्यात आले. कुमक अपुरी होती, नदीतील बोटी अपुऱ्या होत्या आणि रुग्णसेवा तर नावापुरतीच होती. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे घनघोर लढाई झाली. सैन्याची अपरिमित हानी झाली आणि माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कुतला पोहोचली. ७ डिसेंबरला तुर्कांनी गावाला वेढा घातला.

७/
हा वेढा १४७ दिवस चालला. टायग्रिसच्या वळणात तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला खंदक, अशा जागेत पूना डिव्हिजन अडकली. सुटकेसाठी आलेल्या सैन्याने शेख साद, हन्ना, दुजैला आणि सन्नैयात येथे एकामागून एक हल्ले केले. त्या प्रयत्नांतच सुमारे २३ हजार माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून अन्नाची पोती टाकण्यात आली. युद्धाच्या इतिहासातील असा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता, परंतु हजारोंच्या पोटाला ते धान्य पुरणारे नव्हते.

८/
उपासमारीचा सर्वाधिक भार हिंदी शिपायांवर पडला. अन्न संपत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यास सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले, पण बहुसंख्य हिंदी शिपायांनी नकार दिला. गावी परतल्यावर आपल्याला पंक्तीत कोण घेईल, ही भीती त्यांना तोफगोळ्यांहून मोठी वाटत होती. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागवण्यात आली तरी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत मांसाला स्पर्श केला नाही. जवाच्या थोड्याशा पिठावर दिवस काढणाऱ्या या शिपायांत स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. घरातील एखादी वृद्धा ‘आमचा माणूस उपासाने गेला, गोळीने नाही’ असे सांगत आली असेल, तर ती सांगोवांगीची गोष्ट म्हणून बाजूस सारू नये. कुतच्या दिशेने बोट दाखवणारा तो एक पुरावा ठरू शकतो.

९/
२९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर मानाने ठेवण्यात आले. त्यांच्या शिपायांना मात्र बगदाद, समारा, मोसुल या मार्गाने वाळवंटातून शेकडो मैल चालवण्यात आले. अंगावरचे बूट आणि पाण्याच्या बाटल्या वाटेतच गेल्या. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. पटकी, हगवण आणि उष्माघात यांनी हजारो माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू जेथे झाला तेथे ना दगड उभा राहिला ना लाकडी खूण.

१०/
युद्ध संपण्यापूर्वीच, १९१७ साली, साम्राज्याच्या मृत सैनिकांसाठी ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झाले होते. तिचे तत्त्व उदात्त होते. प्रत्येक मृताचे नाव कोरले जाईल आणि हुद्दा, वर्ण, धर्म यांवरून भेद होणार नाही. फ्रान्समध्ये हे तत्त्व पाळले गेले. १९२७ साली न्यूव्ह शापेल येथे उभारलेल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. त्या भूमीवर जगाचे लक्ष होते.

११/
इराकमध्ये तेच तत्त्व गुंडाळून ठेवले गेले. २७ मार्च १९२९ रोजी बसरा स्मारकाचे अनावरण झाले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर अज्ञात असलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावे त्यावर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही, म्हणजे जमादार आणि सुभेदारांची, कोरली गेली. हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा आला. तीस हजारांहून अधिक हिंदी माणसे अशा प्रकारे आकड्यांत विरून गेली. गावातील पाटी आणि बसऱ्याचा दगड यांची भाषा त्यामुळे एकच आहे.

१२/
हे अनवधानाने घडले नाही. साध्या हिंदी शिपायाच्या कुटुंबाला नाव कोरलेल्या दगडाचे मोल कळणार नाही, अशी वसाहतवादी धारणा त्यामागे होती. २०२१ साली याच संस्थेने, आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने, आपल्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजारांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असा त्यात अंदाज आहे. यांत प्रामुख्याने हिंदुस्थान, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील माणसे होती. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

१३/
दिल्लीच्या इंडिया गेटविषयीही हे लक्षात घ्यावे. १९३१ साली पूर्ण झालेले हे स्मारक सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ आहे, पण भिंतींवरील नावे सुमारे १३ हजार आहेत. ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात गेलेल्या पणजोबांचे नाव इंडिया गेटवर सापडले नाही, म्हणून ते युद्धात गेलेच नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

१४/
दगडावर नाव नसले तरी कागदावर ते राहिले. कमिशनच्या नोंदवह्यांत बसरा स्मारकाच्या आकड्यांमागची नावे आहेत आणि ती आज संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते. पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो. शंभर वर्षांपूर्वी पलटणीच्या कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत उतरवलेले हे तपशील आहेत. म्हणून आजच्या लेखनाने शोधल्यास ते हाती लागत नाहीत. शिंदे ‘सिंदे’ असतो, चव्हाण निरनिराळ्या वर्णलेखनांत विखुरलेला असतो. आडनाव गाळून केवळ नाव व वडिलांचे नाव लिहिण्याची रीतही आढळते. अशा वेळी आडनावाऐवजी पलटण आणि गाव धरून शोधावे.

१५/
जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. आज सांगली जिल्ह्यात असलेली अनेक गावे तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता आणि रायगड त्याच वर्षापर्यंत ‘कुलाबा’ होता. मालवणच्या शिपायाची नोंद रत्नागिरीखाली मिळेल, माणगावच्या शिपायाची कुलाब्याखाली.
महार घराण्यांसाठी आणखी एक खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती थांबवण्यात आली होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली ‘१११ वी महार’ पलटण उभारली गेली आणि युद्धानंतर मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची आहे. त्यामुळे पहिल्या युद्धातील आठवण असेल, तर १११ व्या पलटणीच्या आणि मजूर तुकड्यांच्या नोंदी आधी पाहाव्यात.

१६/
घरातील वस्तू कागदाइतक्याच बोलक्या असतात. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत काळे पडलेले पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. मृतांच्या कुटुंबांना सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचे एक ब्राँझचे वर्तुळाकार पदक दिले जाई. त्यावर सिंह आणि ब्रिटानियाची आकृती असून चौकटीत मृताचे नाव असते. हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो. ज्याचे नाव बसऱ्यात कोरले गेले नाही, त्याचे नाव कधी कधी केवळ या धातूवर उमटलेले असते. ते मोडीत घालण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे.

१७/
आता दुसरी पिढी. यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे झाला. ते ३/५ मराठा पलटणीत दाखल झाले. म्हणजेच कुतला शरण गेलेल्या ११० व्या पलटणीत. मधल्या पंचवीस वर्षांत पलटण पुन्हा उभी राहिली होती. १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत ती डेनिस रीड यांच्या नेतृत्वाखाली लढली. १९४४ साली ती इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि डिव्हिजनचे सेनापती तेच रीड होते. रोमच्या उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्य टेकडी-टेकडीवरून माघार घेत लढत होते.

१८/
१० जुलै १९४४ रोजी नाईक घाडगे यांची रायफल तुकडी अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. ते एकटे मशिनगनवर धावून गेले. आधी हातबाँब टाकून त्यांनी ती तोफ आणि ती चालवणारा निकामी केला, मग एकाला गोळी घातली. टॉमीगनमधील गोळ्या संपल्या आणि नवी पेटी चढवण्यास उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष चालू होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि गावी राहिलेल्या विधवा पत्नीच्या हाती पदक आले.

१९/
घाडगे यांच्याविषयी इतके तपशील का मिळतात? पदकासाठी साक्षी घेतल्या गेल्या, शिफारस लिहिली गेली आणि ती लंडनच्या राजपत्रात छापली गेली. हिंदी सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची तरतूदच १९११ साली झाली. १९४४ पर्यंत साध्या शिपायाचे नाव नोंदवण्याची पद्धतही बदलली होती. कुतमध्ये असेच धाडस करून मेलेल्या नाइकाविषयी मात्र पलटणीच्या रोजनिशीत बहुधा इतकेच सापडते की अमुक अधिकारी जखमी झाले आणि अमुक इतके हिंदी शिपाई मारले गेले. इतिहासात शौर्याची मोजणी होते तेव्हा प्रत्यक्षात बहुधा नोंदींची मोजणी होत असते, हे संशोधकाने ध्यानात ठेवलेले बरे.

२०/
आणि तरीही, इतकी प्रसिद्ध नोंद असूनसुद्धा, तिच्यात त्या तरुणाचे शेवटचे काही क्षणच आहेत. बावीस वर्षांपैकी कागदावर उरली ती काही मिनिटे. तो भातशेतीत राबला असेल का, घरी पत्र कोणाकडून लिहून घेत असेल, सुट्टीवर आला तेव्हा काय बोलला असेल, हे राजपत्र सांगत नाही. ते गाव सांगू शकते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. जेथे ते पडले त्या इटलीतील मोन्तोने येथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सौरघटिका उभारण्यात आली. सर्वजण एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यावर आहे.

२१/
मोन्तोनेला पोहोचण्याचे भाग्य फार थोड्यांच्या नावाला लाभते. ११० व्या पलटणीतील बाकीच्यांसाठी काम अजून शिल्लक आहे आणि त्याचा क्रम सोपा आहे. आधी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे बोलणे जसेच्या तसे, दुरुस्ती न करता, लिहून घ्यावे. मग पदके, पत्रे, निवृत्तिवेतनाचे कागद पाहावेत. त्यातून पलटण निश्चित करावी, जुन्या जिल्ह्याचे नाव धरावे आणि कमिशनच्या नोंदींत गावाच्या नावाने शोधावे. मिळालेली तारीख मोहिमेच्या इतिहासाशी ताडून पाहावी. एप्रिल १९१६ पूर्वीची असेल तर लढाई किंवा वेढा, त्यानंतरची आणि पलटण कुतची असेल तर बहुधा कैद.

२२/
बसऱ्याचे ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली ते गोदीतून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर, वाळवंटात पुन्हा उभारण्यात आले. तेथे जाणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य आहे. पण गावातील पाटी चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि नोंदवही भ्रमणध्वनीवर उघडते. पाटीवर सात लिहिले असेल तर नोंदवहीतून ती सात नावे शोधून काढणे आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात, शाळेच्या फलकावर वा निदान घरच्या वंशावळीत लिहून ठेवणे, हे एका सुट्टीत होण्याजोगे काम आहे. १९२९ साली ते ज्यांनी करायचे होते त्यांनी केले नाही.